पैलवानाचं केळवण

माणसं बडवण्याचं रीतसर लायसन्स खिशात असलेला इतका सभ्य माणूस अख्ख्या मिशिगन राज्यात दुसरा सापडणार नाही. कुणाला सापडलाच तर त्यानं तो मला आणून दाखवावा; मी त्याला सन्मानानं घरी जेवायला बोलावीन. फक्त पाटावर बसवण्याआधी त्याच्या वजनाची चौकशी करीन, कारण त्या बाबतीत आमचे हात एकदा चांगलेच पोळले आहेत.

हा गृहस्थ जपानी, आणि ट्रॉयमधल्या आमच्या टाउनहाउसची एक भिंत त्याच्या नि आमच्या घराला सामाईक होती. भिंतीच्या अलीकडे मी, म्हणजे सांगलीहून निघून पुण्यामार्गे इथल्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये येऊन रुतलेला एक मध्यमवयीन माणूस, आणि माझी बायको. पलीकडे तो एकटा. धंदा पिंजऱ्यातली कुस्ती. इथे तिला मिक्स्ड मार्शल आर्ट्स असं भारदस्त नाव आहे. आठ कोनांचा जाळीचा पिंजरा, आत दोन माणसं आणि एक पंच, आणि मग ठोसे, लाथा, ज्यूदो, कुस्ती, ज्याला जे येत असेल ते त्यानं करायचं. समोरचा हात आपटून शरण येईपर्यंत, नाहीतर त्याची शुद्ध हरपेपर्यंत, नाहीतर वेळ संपेपर्यंत. हे सगळं मी बायकोला हातवारे करून समजावून सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे भांडणच की. तिकीट लावून."

राहायला आला त्याच संध्याकाळी तो आमच्या दारात उभा होता. दोन्ही हातांत एक मिठाईचा डबा, तो कागदात असा बांधलेला की उघडायला जीव होऊ नये, आणि स्वतः कमरेत काटकोनात वाकलेला. वाकलेला होता तोवर सगळं ठीक होतं. तो सरळ झाला आणि बायकोनं दार अर्धं लोटून घेतलं. एक डोळा भरताच्या वांग्याच्या रंगाचा होता आणि दोन्ही कान करंजीला मुरड घालावी तसे कडेनं दुमडलेले होते. लोकांनी दारं लोटून घेण्याची त्याला सवय असावी. "माफ करा, आज चेहरा बरोबर नाही," तो तुटक इंग्रजीत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बरा होईल. तेव्हा परत येतो." आणि पुढच्या आठवड्यात बरा झालेला चेहरा घेऊन तो खरोखर परत आला, दुसरा डबा घेऊन. बायकोनं पहिला डबा चकल्या भरून त्याच्या हाती ठेवला. रिकामा डबा परत करायचा नाही हा नियम जपानातही आहे हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्यामुळे पुढची काही वर्षं तो डबा भिंतीच्या दोन्ही बाजूंना फिरत राहिला. शेवटी शेवटी तर चकल्या आधी संपायच्या की दिवाळी आधी यायची हेच आम्हाला कळेना.

माफी मागणं हा त्याचा पहिला व्यायाम होता, बाकीचे नंतर. तळघरात त्यानं एक माणसाच्या आकाराचं, चिंध्यांनी भरलेलं बुजगावणं ठेवलं होतं आणि रोज सकाळी तो त्याला उचलून आपटत असे. आमच्या भांड्यांच्या कपाटाला हादरे बसत. पण हादरे बसण्याआधी तो आमच्या दारात येऊन आज किती आपटणार आहे त्याची साधारण कल्पना देऊन जाई, आणि आपटून झाल्यावर घाम पुसत पुन्हा येऊन खेद व्यक्त करी. एकदा मी खाली गेलो तेव्हा तो बुजगावण्यालाही वाकून नमस्कार करत होता. मी म्हटलं, ह्याला कशाला? तो म्हणाला, "हा कधी तक्रार करत नाही." पिंजऱ्यातही तसंच. त्याच्या जुन्या लढतींचे व्हिडिओ पाहिले तर ठोसा मारताना त्याचा चेहरा ज्याला ठोसा बसला त्याच्यापेक्षा जास्त दुखावलेला दिसतो. समोरचा पडला की हाच घाईघाईनं वाकून त्याची विचारपूस करतो. पंचाला त्याला ओढून बाजूला न्यावं लागतं, आणि त्या ओढाओढीत तो पंचाचीही माफी मागतो.

गाडी चालवणं हा तर सभ्यतेचा कळसच. आमच्या गल्लीतल्या चारी बाजूंना स्टॉपच्या पाट्या असलेल्या चौकात तो आणि आमचे डॉक्टरकाका एकदा एकाच क्षणी येऊन थांबले. डॉक्टरकाका मूळचे नागपूरचे, भूल देण्यात हयात घालवून निवृत्त झालेले, ट्रॉयमधल्या आम्हा सगळ्या मराठी मंडळींचे वडीलधारे. त्यांनी खिडकीतून हात करून ह्याला आधी जा म्हटलं. ह्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवून त्यांना आधी जा म्हटलं. काकांचा नागपुरी पाहुणचार आणि ह्याचा जपानी संकोच ह्यांची अशी जुंपली की मागून येणाऱ्या टपालगाडीनं शेवटी दोघांनाही वळसा घातला. मग दोघंही गाडीतून उतरले, एकमेकांना भेटले, आणि काका त्याला थेट चहाला घरी घेऊन गेले. गाड्या चौकातच होत्या. काकूंनी त्याचे कान पाहून आधी हळद आणली, मग पोहे. त्या दिवसापासून त्याचं मूळ नाव मागे पडलं आणि तो सगळ्यांचा पैलवान झाला. काकूंनी पैलवान म्हणून हाक मारली की तो "हाय", म्हणजे जपानीत "हो जी", म्हणून ताठ उभा राहत असे.

त्याची सगळी हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी आमच्या सोफ्यावर कळली. उत्तरेकडचं मासेमारीचं एक गाव, वडील तिथे मुलांना ज्यूदो शिकवणारे. पोरगा टोकियोला पळाला तो एका तालमीत झाडू मारून तिथेच झोपू लागला, आणि तिथल्याच चटईवर वाढला. मग लढती सुरू झाल्या. तिकडचे प्रेक्षक म्हणे गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे शांत बसतात. एखादी पकड सुरेख पडली की सभागृहातून नुसती एक कुजबुज जाते. त्या कुजबुजीसाठी तो लढत असे. मी सांगलीकडचा, जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेला. कुजबुजीसाठी लढणारा पैलवान मी ऐकलाही नव्हता, पण तो हे सांगताना सोफ्यावर इतका पुढे सरकून बसला होता की माझ्याच अंगावर काटा आला. आपल्या वजनी गटात तो तिथला विजेता झाला. मग अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. झगमगाट, मोठाले पडदे, आणि खाली चटईवर झटापट सुरू झाली रे झाली की हुर्यो करणारे हजारो लोक. ह्याचा सगळा खेळच चटईवरचा. तरी सुरुवातीच्या लढती त्यानं जिंकल्या.

आणि मग ती लढत झाली. ती त्यानं मला स्वतः लावून दाखवली, आणि दाखवताना हसत होता. प्रतिस्पर्ध्याचा हात त्यानं दोन पायांत धरून उलटा ताणला आहे. हा त्याचा हुकमी डाव. प्रतिस्पर्धी मोकळ्या हातानं ह्याच्या मांडीवर दोनदा थोपटतो, म्हणजे शरण आलो. पंच दुसऱ्या बाजूला आहे, त्याला ते दिसत नाही. नियम असा की पंच थांबवेपर्यंत पकड सोडायची नाही. ह्यानं पकड सोडली, उठून वाकला, आणि वाकलेला असतानाच त्या पठ्ठ्यानं ह्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की हा दिवे बघत पडला. मी सोफ्यावरून उठून टीव्हीवर ओरडलो. हा मात्र शांत. "तो हरलो म्हणाला," तो म्हणाला, "मग मी कसं धरून ठेवणार?" त्या पराभवानंतर त्याची घडी विसकटली ती विसकटलीच. आणखी काही पराभव झाले, कंपनीनं करार मोडला, आणि डेट्रॉइटकडच्या एका तालीममास्तरानं, ज्यानं ती लढत पाहिली होती, त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. तेव्हापासून तो लहानसहान सभागृहांत आणि कॅसिनोंत लढत होता, आणि वय चाळिशीला येऊन भिडलं होतं.

इतक्यात आम्हाला त्याच्याविषयी अशी एक गोष्ट कळली की तो शेजारी होता तो एकदम नातेवाईक झाला. तो व्हिसावर होता. खेळाडूंचा वेगळा व्हिसा असतो, आणि लढतींचे करार हातात असतील तोवरच तो चालतो. हे त्यानं बोलता बोलता सांगितलं मात्र, आमच्या स्वयंपाकघरात जमलेल्या मंडळींचे डोळे पाणावले. पिंजऱ्यातल्या कुस्तीचं आम्हाला काही कळत नसेल, पण व्हिसा? ज्या विषयात आम्हा प्रत्येकाची डॉक्टरेट झालेली आहे तो हा विषय. कुणी त्याला आपला वकील सुचवला, कुणी स्वतःचा वकील किती नालायक होता ते सविस्तर सांगितलं, कुणी मुलाखतीला कोणता शर्ट घालावा ते सांगितलं. एक जण म्हणाला, "यार, तुझं तरी बरं. तुझा क्लायंट तुला फक्त मारतो." पैलवान प्रत्येकाचा सल्ला मान डोलावत ऐकत होता. त्या वेळी त्याच्या व्हिसाचे थोडेच महिने उरले होते.

आणि नेमका तेव्हाच फोन आला. डेट्रॉइटच्या एका कॅसिनोत जूनमध्ये मोठा कार्यक्रम, मुख्य लढतींपैकी एक ह्याची. प्रतिस्पर्धी ओहायोचा एक तरणाबांड पोरगा, आतापर्यंत अजिंक्य. आयोजकांचं म्हणणं स्पष्ट होतं: जिंकलास तर पुढच्या बऱ्याच लढतींचा करार, म्हणजे व्हिसा, हरलास तर रामराम. वजनात बसला नाहीस तर लढतच नाही. हे शेवटचं वाक्य त्यानं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलंही होतं. पण वजन हा शब्द आमच्याकडे फक्त विमानाच्या बॅगांच्या बाबतीत गांभीर्यानं घेतला जातो.

काकूंनी जाहीर केलं की पैलवानाचं केळवण करायचं. केळवण लग्न ठरलेल्यांचं करतात अशी एक क्षीण शंका माझ्या बायकोनं काढली, काकू म्हणाल्या, "लढाईला निघालेल्या माणसाला उपाशी धाडतात का गं?" लढत शनिवारी, वजन शुक्रवारी दुपारी, केळवण गुरुवारी दुपारी. पैलवान आला तो कधी नव्हे इतका बारीक दिसत होता. गालांची हाडं वर आलेली, डोळे मोठे झालेले. पानात पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, कटाची आमटी, मसालेभात, अळूवडी, पापड, लोणचं, शेवटी श्रीखंड. आठवडाभर उकडलेल्या कोंबडीवर आणि दोन दिवस घोट घोट पाण्यावर असलेला तो माणूस त्या पानाकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर आम्ही श्रद्धा समजलो.

आता इथे जे घडलं त्यात दोष कुणाचाच नाही. पैलवान नाही म्हणाला होता. त्यानं दातांतून हवा आत ओढली, मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाला, "हे जरा कठीण आहे." मागाहून मला कळलं की जपानी माणसाच्या तोंडून इतकं निघणं म्हणजे त्यानं टेबलावर मूठ आपटून नकार दिला असं समजायचं. पण काकू नागपूरच्या. त्यांच्याकडे पाहुण्यानं पहिलं नको म्हणणं ही जेवणाची सुरुवात असते, दुसरं नको म्हणजे लाजतो आहे, आणि तिसऱ्या नकोला पाहुण्याच्या पानावर आडवा आलेला हात बाजूला सारून वाढायचं असतं. पैलवान इतक्या वेळा कठीण आहे म्हणाला की त्याला चार पोळ्या पडल्या. आणि वडीलधाऱ्या बाईनं पानात घातलेलं टाकायचं नाही हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. तो खात गेला. पहिल्या घासाला त्यानं डोळे मिटले ते सभ्यतेपोटी नव्हे. मी समोरच बसलो होतो, मला ते दिसलं. जेवून उठल्यावर तो काकूंपुढे इतका वेळ वाकून राहिला की काकूंनी आशीर्वाद दोनदा दिला.

शुक्रवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात तालीममास्तर. टक्कल असलेला आडदांड डेट्रॉइटकर, जन्मात अनेक नाकं मोडलेली पाहिलेला. तो आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर डोकं धरून बसला आणि त्यानं खोल आवाजात विचारलं की तुम्ही लोकांनी माझ्या माणसाला काय खाऊ घातलं. पैलवानाला विचारलं तर तो म्हणे एवढंच सांगत होता की फार सुंदर भाकरी होती. बायकोनं घाबरत घाबरत एकेक पदार्थ सांगितला. श्रीखंडापाशी त्यानं डोळे मिटले. वजन चार पौंड जास्त भरत होतं. दुपारी दोनला काट्यावर उभं राहायचं होतं.

मी काकांना फोन केला. काका स्लिपरवरच धावत आले, आणि येतानाच स्वतःला शिव्या देत आले. "अरे, मी डॉक्टर ना! लोणचं, पापड, सगळं मीठ, पाणी धरून ठेवणारच की शरीर. पण जेवताना मला काही आठवतं का?" मग मास्तर घाम काढायच्या युक्त्या सांगू लागला तेव्हा काका आडवे उभे राहिले. मी जिवंत असताना असला अघोरी प्रकार होणार नाही म्हणाले. पैलवान तोवर मागच्या दारानं येऊन उभा होता. तो काकांसमोर वाकला आणि म्हणाला, "डॉक्टर, हे मी वीस वर्षं करतो आहे. पण आज तुम्ही बसा बरोबर. तुम्ही थांब म्हणालात की मी थांबेन." काका माझ्या बायकोला म्हणाले, "काकूंकडून शाली आण."

त्या दिवशी ट्रॉयच्या बिग बीव्हर रस्त्यावरून ज्यांनी माझी मिनीव्हॅन जाताना पाहिली असेल त्यांनी काय समज करून घेतला असेल देव जाणे. जूनचं लख्ख ऊन, सगळ्या काचा बंद, आणि हीटर शेवटच्या टोकाला. मागच्या सीटवर प्लास्टिकचा अंगरखा, त्यावर स्वेटर, त्यावर काकूंच्या दोन शाली आणि डोक्यावर काकांची माकडटोपी घातलेला पैलवान. शेजारी त्याचं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसलेले काका. पुढे मास्तर. चालवणारा मी. लाळ सुटून पाणी कमी व्हावं म्हणून हे लोक काहीतरी आंबट चघळून थुंकत राहतात. काकूंनी त्यासाठी आपली आवळासुपारीची बरणीच दिली होती, आणि थुंकायला दह्याचा रिकामा डबा. आदल्या दिवशी ज्या हातांनी घातलं त्याच हातांनी ती माउली आता काढायला मदत करत होती. मास्तरनंही एक फोड तोंडात टाकली आणि नंतर सगळा रस्ताभर तो बरणीकडे हात करत राहिला. काकांनी दोनदा गाडी थांबवली, काचा उघडायला लावल्या, नाडी उतरू दिली, मगच पुढे. एका सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई आमच्याकडे बघत बघत हिरवा दिवा गेला तरी हलली नाही. सगळ्यात जास्त वजन त्या दिवशी माझं उतरलं असणार, पण माझं कुणी केलं नाही.

वजन हॉटेलच्या एका मोठ्या दालनात होतं. पैलवान काट्यावर चढला आणि आकडा किंचित वर राहिला. मास्तर म्हणाला, कपडे. मग मी आणि काका दोन बाजूंनी टॉवेल धरून उभे राहिलो, म्हणजे आयुष्यभर मान वर करून जगलेले डॉक्टरकाका कॅमेऱ्यांसमोर टॉवेलाचं एक टोक धरून छताकडे बघत उभे, आणि आत पैलवान जन्मला तसा. काकू सर्वांत मागे भिंतीकडे तोंड करून रामरक्षा म्हणत होत्या. निवेदकानं आकडा पुकारला. बसला. अगदी बरोबर बसला. मी हात वर केले आणि टॉवेल सुटता सुटता काकांनी सावरला. दालनातले अनोळखी लोकसुद्धा टाळ्या वाजवत होते. पैलवानानं पाण्याचा पहिला घोट घेतला तेव्हा काकूंना रडू फुटलं, आणि पैलवान टॉवेल गुंडाळून त्यांचीच माफी मागायला निघाला.

शनिवारी संध्याकाळी आमची सगळी मराठी मंडळी कॅसिनोत शिरली. आपण जुगाराला आलो नाही हे दारावरच्या माणसाला निष्कारण सांगत सांगत शिरली. आम्हाला वाटलं होतं की पैलवानाच्या बाजूनं आम्हीच काय ते ओरडणार. पण प्रतिस्पर्धी ओहायोचा. मिशिगनच्या माणसाला शेजारच्या ओहायोविरुद्ध कुणीही चालतं, इतकं ते वैर जुनं. हजारो डेट्रॉइटकर उभे राहून आमच्या जपान्याला "डेट्रॉइट, डेट्रॉइट" म्हणून हाका मारत होते. तो आला, पिंजऱ्याच्या दाराला वाकला, पंचाला वाकला, ओहायोच्या पोराला वाकला. पोरानं आत येताच त्याला जाळीवर दाबला आणि पहिल्या फेरीभर असा ठोकला की माझ्या बायकोनं माझा दंड धरला तो सोडलाच नाही. दुसऱ्या फेरीत भुवई फुटली. काका पुटपुटत होते, टाके, टाके. तिसऱ्या फेरीला तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही वेगळंच होतं. आमच्या जत्रेत थकलेला वस्ताद शेवटची माती अंगाला लावून उठतो तसा. पोरगा ठोसा मारायला पुढे झेपावला, हा त्याच्या हाताखालून शिरला, आणि दोघं खाली आले तेव्हा तो हात पैलवानाच्या पायांत होता.

सभागृह फाटेल असं ओरडत होतं. पोरानं मोकळ्या हातानं त्याच्या मांडीवर थोपटलं. पंच पलीकडच्या बाजूला होता. मी खुर्चीवर उभा राहिलो, काका खुर्चीवर उभे राहिले, आणि आम्ही दोघं मराठीत, जिवाच्या आकांतानं, "सोडू नकोस! पैलवान, सोडू नकोस!" पैलवानानं मान वळवली. त्यानं पोराच्या हाताकडे पाहिलं नाही, पंचाकडे पाहिलं, आणि काय केलं असेल? पकड ढिली केली नाही, पण ताणही वाढवला नाही. नुसता धरून, डोळ्यांनी पंचाला अदबीनं बोलावत राहिला. पंच धावत आला, त्यानं ते थोपटणं पाहिलं, आणि झडप घालून लढत थांबवली. मी कुणाकुणाला मिठी मारली ते मला अजून सांगता येत नाही. त्यात एक मास्तर होता एवढं नक्की, कारण बरगडी आठवडाभर दुखत होती.

मग निवेदकानं त्याच्यापुढे माईक धरला आणि पुढचा प्रतिस्पर्धी कोण हवा ते विचारलं. आयोजक पिंजऱ्याच्या दारात हसत उभा होता. पैलवान म्हणाला, "सगळ्यांचे आभार. आता मी घरी जातो." लोक हसले. आम्हीही हसलो, वाटलं, दमला आहे, झोपायला घरी जातो म्हणत असेल. पण तो पुन्हा तेच म्हणाला, आणि जपान म्हणाला.

रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात त्याच्याभोवती सगळे व्हिसातज्ज्ञ जमले. भुवईला टाके, हातात चहाचा कप. एकेकानं त्याला समजावलं. अरे, करार मिळतोय, व्हिसा मिळतोय, अजून चार वर्षं काढ, मग ग्रीन कार्डाचं बघू, हातातलं कुणी सोडतं का? मी तर थोडा चिडलोच होतो. एवढा जीव टाकून, हीटर लावून, शाली घालून मिळवलेलं हे. आणि हा जातो म्हणतो. पैलवानानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. गावाकडे वडिलांची तालीम बंद पडली आहे, ती उघडायची, लहान मुलांना शिकवायचं, हे त्याच्या मनात बरीच वर्षं होतं म्हणे. मी म्हटलं, मग आधीच का नाही गेलास?

त्यानं कप खाली ठेवला. "आधी गेलो असतो तर त्यांनी मला पाठवून दिल्यासारखं झालं असतं," तो म्हणाला. "आज मी राहू शकतो. म्हणून आज जाऊ शकतो."

चहा उकळत होता, बायकोनं गॅस बंद केला. एरवी व्हिसावर तासन्‌तास बोलणारी ती सगळी माणसं चप्पल शोधत एकेक करून घरी गेली.

त्याला विमानतळावर सोडायला मी आणि काका गेलो. सामान थोडंच होतं. तो काकांना वाकला, मला वाकला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढे झाला आणि दोघांनाही एकेक करून घट्ट धरलं. इतकी माणसं ज्यानं धरून आपटली त्याचे हात एवढे हलके असतील असं मला वाटलं नव्हतं. मग तो रांगेत मिसळला आणि दिसेनासा झाला.

परतीच्या वाटेवर काका बाहेर बघत होते. मग म्हणाले, "नागपूरला आम्ही प्लॉट घेऊन ठेवला होता. ग्रीन कार्ड झालं की बांधू म्हणालो. मग सिटिझनशिप झाली की. मग रिटायर झालो की." माझाही सांगलीत एक फ्लॅट आहे. त्याला पडदे कोणत्या रंगाचे लावायचे ह्यावर माझी नि बायकोची दर उन्हाळ्यात चर्चा होते, आणि दर उन्हाळ्यात आम्ही ती पुढच्या उन्हाळ्यावर टाकतो. आम्हाला इथून कुणीच घालवत नाही. राहण्याचा हक्क आम्ही कधीच जिंकलेला आहे. मला त्या दिवशी त्या माणसाचा हेवा वाटला, खराखुरा, पोटातून आलेला हेवा, आणि तो अजून गेलेला नाही.

आमची एक्झिट आली तेव्हा काका म्हणाले, "कुठेतरी कॉफी घेऊ या का?" मी गाडी पुढेच नेली. एका कॉफीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं कागदी कप हातात धरून गाडीतच बसून राहिलो. कॉफी निवून गेली. घरी जायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.